वाफसा आल्यावर

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या दाराला लागून मोगऱ्याचं एक जुनं झुडूप होतं. ते आमच्या आधी तिथे राहणाऱ्या कुटुंबानं लावलेलं. त्यांची बदली झाली आणि मोगरा आमच्या वाट्याला आला. रेल्वेच्या वसाहतीत बागा अशाच एका हातातून दुसऱ्या हातात जातात. वडील निवृत्त झाले तेव्हा आईनं सामानाची यादी करताना पहिलं नाव मोगऱ्याचं घेतलं. क्वार्टर रिकामं करायची तारीख मे महिन्यातली होती. टेम्पो सकाळी येणार, म्हणून आदल्या संध्याकाळी मी आणि भावानं टिकाव-फावडं घेऊन झुडूप उपटलं. मुळांची माती बरीचशी तिथेच झडली. उरलेलं गोणपाटात गुंडाळलं आणि उघड्या टेम्पोतून धुळ्याला आणलं. खड्डा तयार होता. त्यात शेणखत भरभरून घातलं, पाणीही भरपूर दिलं. आठव्या दिवशी पानं फांदीवरच करपली. पंधराव्या दिवशी फांद्या हात लावताच कडकडा मोडू लागल्या. आई काही बोलली नाही, पण पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी ती त्या काटक्यांना तांब्याभर पाणी घालत राहिली.

त्या मोगऱ्याच्या बाबतीत आम्ही जे जे केलं, ते सगळं चुकीचं होतं, हे कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. महिना चुकला, वेळ चुकली, मुळांभोवतीच्या मातीचा गड्डा फुटला, खड्ड्यातलं ताजं शेणखत चुकलं, पाणीही चुकलं. हे पुस्तक त्या वर्षांमधून आलं आहे. रुजलेली, जुनी, घरातल्या माणसासारखी झालेली फुलझाडं आणि कंदवर्गीय झाडं एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी न्यावीत, एवढाच त्याचा विषय आहे. आणि ते खानदेशासाठी लिहिलेलं आहे. पुण्या-मुंबईच्या बागांसाठी चालणारा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

तसं पाहिलं तर रोप हलवणं खानदेशाला नवीन नाही. दोंडाईच्याच्या बाजारात जाणारी मिरची आधी गादीवाफ्यावर वाढते आणि मग वावरात जाते. जळगावच्या भरिताच्या वांग्याचंही तेच, आणि कांद्याचंही. पाच-सहा आठवड्यांचं रोप उपटून लावताना त्याची मुळं बोटभर असतात, मागं राहतात ती थोडी, आणि तरुण रोप ती चार दिवसांत भरून काढतं. दहा वर्षांच्या अनंताची गोष्ट निराळी. त्याची पाणी ओढणारी बारीक मुळं बुंध्यापासून लांब, वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात, बहुधा फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. आपण बुंध्याजवळ पहार घालतो तेव्हा हातात येतात ती जाड मुळं. ती झाडाला धरून ठेवतात, अन्न साठवतात, पण पाणी फारसं ओढत नाहीत. पाणी ओढणारा मोठा भाग जुन्या खड्ड्याच्या भिंतीतच राहतो. म्हणजे झाड नव्या जागी पोहोचतं ते पानं पूर्ण आणि तोंड जवळजवळ बंद अशा अवस्थेत. पुढचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी असतो, नवीन मुळं फुटेपर्यंत पानांनी कमीत कमी पाणी गमवावं यासाठी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, वारा कोरडा असतो. त्या हवेत ही शर्यत जिंकता येत नाही. आईचा मोगरा तिथेच हरला होता.

मग हलवायचं केव्हा? याचं उत्तर मला कुठल्याही बागकामाच्या पुस्तकात सापडलं नाही, ते रावेर-यावलच्या केळीच्या बागांत सापडलं. तिथला केळीवाला वर्षाचे दोन हंगाम धरतो. पावसाच्या तोंडाशी, जून-जुलैत लावली ती मृगबाग. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली ती कांदेबाग. आता ऊतीसंवर्धित ग्रँड नैनची रोपं आली, ठिबक आलं, तरी हे दोन शब्द टिकून आहेत, कारण ते इथल्या हवेतून आले आहेत. पहिल्या हंगामात हवा ढगाळ आणि दमट असते, माती उबदार असते, मुळं भराभर फुटतात. दुसऱ्या हंगामात वरचं ऊन मवाळ होऊ लागतं आणि पावसानं भिजलेली माती आतून ओली असते. घरच्या झुडपांनाही हेच दोन दरवाजे उघडे असतात. जास्वंद, तगर, अनंत, रातराणी, मोगरा ही सदाहरित मंडळी मी पहिल्या दरवाजानं नेते, पण मृगाची घाई करत नाही. मृगाचा पाऊस इथे पुष्कळदा तोंड दाखवून जातो आणि मग पंधरा-पंधरा दिवस आभाळ कोरडं राहतं. पुनर्वसू-पुष्यापर्यंत, म्हणजे जुलै अर्धा होईपर्यंत थांबलेलं बरं. दुसऱ्या दरवाजाबाबत मात्र केळीवाल्यापेक्षा मी थोडी उशिरा निघते. केळीच्या कंदात स्वतःची शिदोरी असते, पानांनी भरलेल्या झुडपाकडे ती नसते. म्हणून ऑक्टोबरची तलखी जाऊ द्यायची आणि स्वातीच्या सुमारास हात घालायचा. धुळ्याकडे थंडी कडक पडते, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक अंकी होतो आणि मुळांची वाढ मंदावते. तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यानंतर जास्वंदीसारखं उष्ण हवेचं झाड हलवू नये. गुलाब, डाळिंब, अंजीर यांचं उलटं आहे. पानं गळून किंवा छाटून ती विसावली की त्यांना थंडी मानवते.

केळीवाल्याकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे, आणि त्यावर मी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे. तो मुनवे, म्हणजे लावणीसाठीचे केळीचे फुटवे, निवडताना तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं असलेले निवडतो. रुंद पानांचा पाणकंद दिसायला मोठा आणि डौलदार असतो, तरी तो बाजूला ठेवतो. कंद साधारण ४५० ते ७५० ग्रॅमचा घेतो. म्हणजे पानांचा पसारा कमी आणि खाली साठा जास्त, अशी वस्तू तो प्रवासाला काढतो. कर्दळ, हळद, निशिगंध, लिली यांचा हिशोब अगदी हाच आहे. पानं पिवळी पडून कंद झोपला की काढायचा, जुना पोकळ भाग टाकायचा आणि टणक डोळ्याचा भाग लावायचा. शेवंतीचे फुटवे फुलं सरल्यावर वेगळे करायचे. या झाडांना हलवणं म्हणजे त्यांची सेवाच आहे. तीन-चार वर्षं एका जागी दाटी झालेली कर्दळ फुलं देईनाशी होते, उचलून विरळ लावली की पुन्हा भरते.

आता वाफसा. हा शब्द शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला समजावून सांगावा लागत नाही, पण शहरातल्या नव्या पिढीसाठी सांगते. माती चिखल नाही आणि ढेकूळही नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोकरला तर सुटतो, मातीत पाणी आहे आणि हवाही आहे, अशी जी वेळ, ती वाफसा. पेरणीसाठी आपण वाफसा पाहतो, झाड हलवताना मात्र विसरतो. खानदेशात हे विसरणं महागात पडतं, कारण आपली काळी जमीन फार हट्टी आहे. ओली असताना ती फुगते आणि फावड्याला चिकटते. त्या ओलीत खड्डा खणला तर त्याच्या भिंती फावड्याच्या पात्यानं घासून मडक्यासारख्या गुळगुळीत होतात. नवीन मूळ त्या भिंतीपर्यंत येतं आणि आत शिरण्याऐवजी कडेकडेनं वळतं. कोरडी असताना हीच माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगा बारीक मुळं तोडून टाकतात, खोलवर हवा नेऊन उरलेली सुकवतात. म्हणून काळ्या जमिनीत पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवस थांबायचं, पायाला माती चिकटेनाशी झाली की खणायला घ्यायचं. खड्ड्याच्या भिंती खुरप्यानं ओरबाडून खडबडीत करायच्या. ही शेवटची गोष्ट पाच मिनिटांची आहे आणि ती कोणीच करत नाही.

तापीकाठची गाळाची जमीन भाग्यवान म्हणायची. चोपडा, यावल, रावेरच्या पट्ट्यात ती खोल आणि भुसभुशीत आहे, तिच्यात मुळं पसरतात आणि खणायलाही सोपी जाते. साक्रीकडच्या मुरमाड जमिनीची तक्रार वेगळी. तिथे गड्डा धरतच नाही, उचलला की खडे गळून मुळं उघडी पडतात. अशा ठिकाणी आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन, गड्ड्याला जागच्या जागीच गोणपाट आणि सुतळी आवळून मग खालून कापावं लागतं.

गड्डा केवढा असावा? जाड बुंध्याचं झाड असेल तर बुंध्याच्या जाडीच्या दहा-बारा पट रुंदी धरतात. झुडपाला अनेक खोडं असतात, तिथे हा हिशोब तितका उपयोगी नाही. कमरेएवढ्या मोगऱ्याला दीड फूट रुंद आणि फूटभर खोल गड्डा मला पुरेसा वाटतो. एवढाच गड्डा ओल्या मातीचा असेल तर साठ-सत्तर किलोंच्या खाली भरत नाही. दोन माणसं, एक जाड ताडपत्री आणि घसरवत न्यायला फळी, एवढी तयारी लागते. बुंध्याला धरून झाड उचलायचं नाही. गड्ड्याला खालून आधार द्यायचा. वजनानं गड्डा मधोमध तडकला की उरलेली बारीक मुळंही तुटतात, आणि हे बाहेरून दिसत नाही. आठवड्यानं पानं सांगतात.

ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांच्यासाठी याहून चांगला मार्ग आहे. झाड हलवायचं आहे हे वर्षभर आधी ठाऊक असेल, तर मुळं हप्त्याहप्त्यानं कापावीत. कार्तिकात गड्ड्याच्या घेरावर अर्ध्या बाजूनं धारदार कुदळीनं चर पाडायचा, मुळं सरळ कापायची, चर मऊ माती आणि कुजलेल्या खतानं भरायचा. उरलेली अर्धी बाजू माघात कापायची. मधल्या काळात आणि उन्हाळाभर पाणी चुकवायचं नाही. कापलेल्या मुळाच्या टोकाशी नवीन बारीक मुळांचा झुबका फुटतो, आणि आषाढात गड्डा उचलाल तेव्हा ती पाणी ओढणारी मुळं तुमच्यासोबत येतात. घर पाडून नवीन बांधणारे लोक नकाशा, कर्ज, मजूर यांची वर्षभर आधी जुळवाजुळव करतात. त्याच दिवशी अंगणातल्या झाडांची यादी केली तर किती झाडं वाचतील! जळगावातल्या आणि धुळ्यातल्या जुन्या पेठांमधले वाडे एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्यासोबत पन्नास वर्षांचे जाई-जुईचे मांडव जेसीबीच्या एका फटक्यात जात आहेत, हे पाहताना मला खरोखर त्रास होतो. (मोठ्या वृक्षांची गोष्ट वेगळी. शहरात वृक्ष तोडायचा किंवा हलवायचा तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. हे पुस्तक वृक्षांबद्दल नाही.)

झाड हलवण्याची विद्या आपल्याकडे किती जुनी आहे हे वाचून मी थक्क झाले होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यात फांद्या न फुटलेली, फांद्या फुटलेली आणि भक्कम बुंध्याची अशा झाडांसाठी लावणीचे ऋतू वेगवेगळे सांगितले आहेत, आणि भक्कम झाडांसाठी पावसाळ्याची सुरुवात सांगितली आहे. झाड दुसरीकडे नेताना मुळापासून बुंध्यापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा असंही आहे. लेपाचा अनुभव मी घेतलेला नाही. पण त्याच अध्यायातल्या दोन गोष्टी मी रोज पाळते. एक, झाडाची दिशा बदलू नये, जी बाजू जिकडे होती तिकडेच ठेवावी. खानदेशात याचा अर्थ उघड आहे. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेली साल अचानक पश्चिमेच्या उन्हात आली तर भाजते, तडकते, आणि त्या भेगेतून कीड शिरते. खणण्याआधी उत्तरेकडच्या फांदीला चिंधी बांधून ठेवली की काम झालं. दुसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकली तरच, असा तो क्रम आहे. चौदाशे-पंधराशे वर्षांनंतरही त्यात मला फक्त एक पुस्ती जोडावीशी वाटते: काळ्या जमिनीत बोट घालून पाहिल्याशिवाय तांब्या उचलू नये.

कारण हलवलेली झाडं तहानेनं जितकी मरतात तितकीच बुडूनही मरतात. दुपारी पानं मलूल दिसली की घरातलं कोणीतरी कळवळून बादलीभर पाणी ओततं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खाली माती आधीच ओली असते, काळ्या मातीत पाणी उतरत नाही, खड्ड्याचा हौद होतो आणि नवीन फुटू पाहणारी मुळं गुदमरून कुजतात. मुळं कुजली की पानं आणखी मलूल होतात आणि आणखी पाणी पडतं. दुपारच्या पानांवर विश्वास ठेवू नका. पहाटे उठून पाहा. पहाटे पानं ताठ असतील तर मुळं काम करत आहेत, दुपारचं मलूल होणं हा झाडाचा नेहमीचा बचाव आहे. लावल्याबरोबर एकदा सावकाश, गड्ड्याखालची पोकळी भरेल असं पाणी द्यायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कांद्याला देतो तशी आंबवणी द्यायची, आणि पुढचं सगळं बोटानं माती पाहून.

छाटणीबद्दल माझं मत पुष्कळांना पटणार नाही. मुळं कापली गेली म्हणून वरचाही अर्धा पसारा कापा, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. मीही अनेक वर्षं तसंच करत होते. पण नवीन मुळं फुटण्यासाठी लागणारं अन्न पानंच बनवतात, आणि मुळं फोडण्याचा इशाराही वाढत्या शेंड्यांकडून खाली जातो. झाड भुंडं केलं की आपण त्याची शिदोरीच काढून घेतो. म्हणून आता मी वाळक्या, मोडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढते, फुलं-कळ्या निष्ठुरपणे खुडते, आणि पानांचं ओझं कमी करण्याऐवजी पानांवरचं ऊन कमी करते. चार बांबू आणि एक जुनी सुती साडी, किंवा हिरवी जाळी, आणि वाऱ्याच्या बाजूनं आडोसा. केळीवाले बागेभोवती शेवरीची कड लावत आले ते याच कोरड्या वाऱ्यासाठी. गुलाब आणि मोगरा मात्र या नियमातून वगळते, त्यांना छाटणीची सवय आहे आणि ती त्यांच्या फुलण्याचाच भाग आहे.

काही झाडांना हलवू नये, हेही या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. कढीपत्ता जुना झाला की त्याचं मूळ खोल जातं, ते तुटलं तर झाड क्वचितच सावरतं. त्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला मुळांवरून फुटलेलं पिलू पावसाळ्यात मुळाच्या तुकड्यासह वेगळं करून न्यावं. झाड तेच असतं, वय फक्त नवीन. बोगनवेल एरवी कशातही जगते, पण तिची मुळं ठिसूळ आणि मोजकी असल्यामुळे गड्डा हातातच फुटतो. अडुळसा, निर्गुडी, शेवगा यांच्या फांद्या रोवल्या तरी येतात, मग कंबर मोडून गड्डा का उचलायचा? कण्हेर हलते छान, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. हातमोजे घालावेत, छाटलेल्या फांद्या गुरांच्या तोंडाशी येतील अशा टाकू नयेत, चुलीतही घालू नयेत. आणि ज्या मोगऱ्याला नेणं अगदीच अशक्य असेल, त्याची एक लांब फांदी वाकवून मातीत दाबून ठेवावी. पावसाळ्यात दाब कलम दीड-दोन महिन्यांत मुळं धरतं. आईला आणि मला हे त्या वर्षी ठाऊक असतं, तर वडिलांच्या निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यातच मोगरा धुळ्याला पोहोचला असता.

हलवलेलं झाड मेलं की जगलं, हे ओळखण्यातही घाई होते. पानं गळली म्हणजे झाड गेलं, असं नाही. पान गळण्यासाठी फांदी जिवंत असावी लागते, देठाशी तिला स्वतःहून ते सोडावं लागतं. पानं वाळून फांदीलाच लटकून राहिली तर खरी काळजी. नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर थांबा. तीन महिने थांबा. एका अनंतानं मला साडेचार महिने ताटकळत ठेवलं आणि मग बुंध्याजवळून पोपटी कोंब काढला.

या पुस्तकातली माहिती मी एकटीनं मिळवलेली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली परत जाताना तुळशीचं रोप, गवती चहाचा गड्डा, निशिगंधाचे कंद पदराखाली नेतात, आणि पुढच्या आखाजीला काय जगलं, काय गेलं ते सांगतात. वैशाखात नेलेलं काय जगतं आणि काय जगत नाही याची इतकी वर्षांची नोंद मला दुसरीकडे कुठे मिळाली असती? कंद जगतात. गवती चहा बहुधा जगतो. मोगरा जगत नाही. त्या सगळ्या जणींनी सांगितलेलं यात आहे.

मी हे लिहिते आहे तेव्हा आमच्या धुळ्याच्या घराचंही बांधकाम ठरलं आहे. अंगणातला अनंत आईनंच लावलेला आहे, मोगरा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. त्याच्या उत्तरेकडच्या फांदीला मी लाल चिंधी बांधली आहे. कार्तिकात पूर्वेकडच्या बाजूनं अर्धा चर पाडून मुळं कापली, चर भरला, आणि आता त्या मातीत बोट घातलं की पांढऱ्या, दोऱ्यासारख्या नव्या मुळांची टोकं लागतात. उरलेली बाजू माघात कापायची आहे.